मग तो कागद कुठं आहे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाची राहायला आली की तिला शनिवारवाड्यात न्यावंच लागतं. आमचं घर मेहुणपुऱ्यात, पायी पाच-सात मिनिटांवर. मागच्या खेपेला नारायण दरवाजापाशी एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना गोष्ट सांगत होते. ३० ऑगस्ट १७७३, गारदी वाड्यात घुसले, कोवळ्या वयाचे नारायणराव पेशवे ‘काका, मला वाचवा’ म्हणत पळाले. राघोबादादांनी कागदावर लिहिलं होतं ‘धरावे’, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि घात झाला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. भाची दहा वर्षांची. तिनं मोठ्यांदा विचारलं, “मग तो कागद कुठं आहे?”

गृहस्थ हसले. “अगं, तो आता कुठला असायला!”

मला मात्र हसू आलं नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोषी ठरवलं ते राघोबादादांना. अक्षर बदलल्याची कथा बखरींतून आणि तोंडातोंडी चालत आली. पण अडीचशे वर्षांत लोकांच्या जिभेवर राहिलं ते बाईचं नाव. ‘ध’चा ‘मा’ करणं हा वाक्प्रचारच झाला. आनंदीबाई निर्दोष होत्या असा दावा मी करत नाही. कागद कुणी पाहिलेला नसतानाही दोष बाईच्या पदरात किती सहज पडतो आणि तिथं किती घट्ट बसतो, तेवढंच मला दाखवायचं आहे.

हा लेख ज्यांच्या पदरात असा दोष रोज थोडा थोडा पडतो, त्यांच्यासाठी आहे. मुलाला गणितात कमी मार्क मिळाले, तर आईचं लक्ष नाही. नवऱ्याचा पारा चढला, तर तीच काहीतरी बोलली असेल. ऑफिसात बढती मिळाली, तर ‘बायकांचं काय, जमतं त्यांना’. रस्त्यात कुणी अंगचटीला आलं, तर एवढ्या उशिरा बाहेर कशाला पडायचं. स्त्रीद्वेष हा शब्द फार मोठा वाटतो, वर्तमानपत्रातल्या भयंकर बातम्यांपुरता वाटतो. घरात आणि कचेरीत तो चेष्टा, काळजी, शिस्त, वळण अशा घरगुती नावांनी वावरतो, म्हणून पटकन ओळखू येत नाही. आणि ओळखू आलं नाही की त्याचं खापर आपण आपल्याच डोक्यावर फोडतो.

माझंच सांगते. तेव्हा मी तिशीत होते, हिशेबाच्या कामावर. वर्षअखेरीच्या बैठकीत आकडे मांडायला उभी राहिले. माझा तक्ता बरोबर होता, तीनदा तपासलेला. दुसऱ्याच वाक्याला एक वरिष्ठ म्हणाले, “मॅडम, तुम्ही चहाचं काय ते बघा, आकड्यांचं आम्ही बघतो.” टेबलाभोवती हशा पिकला. त्या हशात माझंही हसणं होतं. मी हसले, तक्ता सरकवून दिला आणि खरोखरच चहा सांगायला बाहेर गेले.

रात्री मोरीत कुकरचं झाकण घासताना ते वाक्य परत आलं. सोबत आणखी एक वाक्य होतं, आणि त्याचा आवाज माझाच होता. ‘तू बोलताना अडखळलीस, म्हणून ते तसं म्हणाले.’ त्यानंतर कितीतरी वर्षं बैठकीत मी विचारल्याशिवाय तोंड उघडलं नाही. विचारलं तरी सुरुवात ‘मला तितकंसं कळत नाही, पण’ अशी व्हायची. बोलून झालेलं वाक्य ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी विसरलेही असतील. माझ्या डोक्यात ते भाडं न देता राहिलेल्या बिऱ्हाडकरूसारखं राहिलं.

असल्या बोलण्याचं मनावर नेमकं काय होतं, ते जरा उलगडून बघू. पहिलं, पहारा बसतो. कुठून टोमणा येईल याचा अंदाज घेत मन सारखं कान टवकारून राहतं. सासरेबुवांच्या चपलांचा आवाज, साहेबांच्या केबिनचं दार, नवऱ्याच्या स्कूटरचं स्टँड लागणं, आणि छातीत धडधड सुरू. रात्रंदिवस पहारा देणारं शरीर दमणारच. झोप उथळ होते, खांदे-मान धरतात, पोट बिघडतं, डोकं ठणकतं. डॉक्टरांकडे गेलं की तपासण्या नॉर्मल येतात आणि घरी ‘हिचं काहीतरी नवीन नाटक’ असा आणखी एक टोमणा मिळतो. दुसरं, चघळणं. मी असं बोलायला हवं होतं, तसं उत्तर द्यायला हवं होतं, हे मनातल्या मनात पन्नास वेळा. तिसरं सगळ्यात वाईट, बाहेरचा आवाज आत येऊन राहतो. मग टोमणा मारायला समोर कुणी लागत नाही. आपणच आरशात बघून मारतो. कधी मुलीला मारतो, कधी सुनेला.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं, कारण ‘बाईच बाईची शत्रू’ असं म्हणून लोक विषय तिथंच संपवतात. रमाबाई रानडे लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा ११ वर्षांच्या होत्या, वर्ष १८७३. त्यांचे पती, न्यायमूर्ती रानडे, रात्री त्यांना शिकवत आणि दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यावरून बोलबोल बोलत. सभेला गेली म्हणून बोलणी, इंग्रजी शिकते म्हणून बोलणी. १९१० साली आलेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या बायका दुष्ट होत्या असं मला ते वाचताना वाटत नाही. ज्या घरात बाईला मान मिळण्याची वाट एकच होती, नियम पाळण्याची आणि पाळून घेण्याची, तिथं त्या वाटेच्या राखणदार झाल्या होत्या. कुणी ती वाट सोडून चाललं तर आपण आयुष्यभर सोसलं ते कशासाठी, हा प्रश्न त्यांच्यापुढं उभा राहत असणार. सासूच्या टोमण्यामागं हे असू शकतं, एवढं ध्यानात आलं तर टोमणा थोडा बोथट होतो. त्यानं तो माफ होत नाही. समजून घेणं आणि चालवून घेणं यांत अंतर ठेवा.

आता उपायांकडे येते. पण आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार जणींना आतून खातो. ‘मी इतकी वर्षं गप्प बसले, म्हणजे मी कमकुवत.’ असं नाही. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवर प्रयोग केले होते. टाळताच न येणारे विजेचे झटके बसलेली कुत्री पुढं सुटकेची वाट मोकळी असूनही पडून राहिली. याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं. पुढं मेंदूच्या आतल्या घडामोडी तपासता आल्या, तेव्हा २०१६ साली याच दोघांनी लिहिलं की मूळ मांडणी उलटी होती. दीर्घकाळ चालणाऱ्या त्रासापुढं निपचित पडून राहणं ही सस्तन प्राण्यांची उपजत प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं काहीतरी बदलतं’ हे. मला या दुरुस्तीनं फार धीर दिला. गप्प बसलात त्यात तुमचा दोष नव्हता, आणि पुढचं शिकता येण्यासारखं आहे. कितीही छोटी असो, जी गोष्ट तुमच्या हातानं घडते आणि तुमच्या डोळ्यांना दिसते, ती मेंदूला हा धडा देते.

माझी अशी पहिली गोष्ट कालनिर्णय होती. स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेलं साधं कॅलेंडर, ज्यावर आपण दुधाचे खाडे लिहितो. एक दिवस खाड्याशेजारी मी बारीक अक्षरात ‘टो’ लिहिलं. टो म्हणजे टोमणा. घरचा असेल तर नुसता, कचेरीतला असेल तर भोवती गोल. महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करताना ते ‘टो’ही मोजले. दोन गोष्टी कळल्या. एक, माझ्या समजुतीपेक्षा ते खूप जास्त होते. दुसरं, गोलवाले ‘टो’ नेमके बैठकीच्या दिवशीच येत होते आणि बहुतेक वेळा मी काहीतरी बरोबर सांगितल्यानंतर. मी अडखळले म्हणून कुणी बोलत नव्हतं. मी बरोबर होते म्हणून बोलत होतं. हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर पटलं नसतं. माझ्याच अक्षरात पानावर होतं, म्हणून पटलं.

तुम्हीही हे करून बघा. कॅलेंडरवर घरच्यांची नजर असते, तर किराण्याच्या यादीची वही घ्या, नाहीतर फोनमधली नोंदवही. तारीख, कोण, नेमके शब्द, आणखी कोण हजर होतं. चार ओळींच्या वर नको. मतं लिहू नका, रागही लिहू नका, शब्द लिहा. मनात फिरणारं वाक्य कागदावर आलं की ते आपल्यापासून हातभर लांब जातं, आणि लांबून बघितल्यावर त्याची लांबी-रुंदी कळते. पुढं कधी तक्रार करायची वेळ आलीच, तर याच चार ओळी कामाला येतात. त्याबद्दल खाली सांगते.

दुसरी गोष्ट माझ्या भाचीनं शिकवली. कुणी काही दोष दिला, किंवा आपणच आपल्याला दिला, की मनात विचारायचं: कागद कुठं आहे? ‘तुला पैशातलं काही कळत नाही.’ बरं, कागद? गेल्या १० वर्षांत घरखर्च कुणी भागवला, भिशी कुणी लावली, मुलीच्या प्रवेशाच्या वेळी रक्कम कुठून उभी राहिली? ‘तू फार हळवी आहेस.’ कागद? सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्यात रात्री कोण बसलं होतं? अमेरिकेत अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या उपचारासाठी जी पद्धत उभी केली, तिच्या मुळाशी साधारण हेच आहे. मनात आपोआप उमटणाऱ्या विचाराला पुरावा मागायचा. त्यात एक सावधगिरी हवी. पुरावा मागायचा तो स्वतःवरच्या आरोपाला. स्वतःच्या दुःखाला नाही. ‘मला याचा त्रास झाला’ याला कागद लागत नाही.

आता उलट उत्तराबद्दल. बायका सगळ्यात जास्त हेच विचारतात, ‘त्या वेळी सुचतच नाही हो.’ सुचत नाही, कारण अंग गोठलेलं असतं. म्हणून दोन-तीन वाक्यं तोंडात घोळवून ठेवायची, पाढ्यांसारखी. खणखणीत उत्तर देऊन समोरच्याला गारद करण्याच्या फंदात मी तरी पडत नाही. त्यानं क्षणभर बरं वाटतं आणि भांडण आपल्या आवाजाच्या पट्टीवर घसरतं. माझी वाक्यं साधी आहेत. “परत म्हणता का? मला नीट ऐकू आलं नाही.” टोमणा दुसऱ्यांदा, शांत खोलीत, तोच चेहरा ठेवून म्हणणं फार कमी जणांना जमतं. “यातलं हसण्यासारखं काय, ते सांगाल का?” “माझं वाक्य पुरं होऊ दे, मग बोला.” घरात सूर निराळा लागतो. “आई, तुम्ही हे पाहुण्यांसमोर बोललात ते मला लागलं. काही सांगायचं असेल तर मला एकटीला सांगा.” “वन्सं, माझ्या माहेरचं नाव काढू नका, बाकी काय ते बोला.” पहिल्यांदा आवाज कापेल. कापू दे. आणि न हसणं हेही उत्तर आहे. सगळे हसत असताना आपण नुसतं बघत राहायचं. माझ्या अनुभवात हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात परिणामकारक.

मात्र जिथं हात उगारला जातो, जिथं दार बाहेरून लावलं जातं, तिथं ही वाक्यं वापरू नका. तिथं उत्तर देणं हे धैर्य नव्हे, धोका आहे. तिथं पहिलं काम सुरक्षिततेचं. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती आणि थोडे पैसे विश्वासाच्या शेजारणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवा. निघायची वेळ आली तर कुठं जायचं, ते घर आधी ठरवून ठेवा.

इथं सावित्रीबाईंची आठवण येते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून चालत निघालं की बुधवार पेठेतली भिडेवाड्याची जागा दहा-एक मिनिटांत येते. तिथं १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना अंगावर शेण, चिखल, दगड येत, म्हणून सावित्रीबाई सोबत दुसरं लुगडं ठेवत, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती सांगताना आपला सगळा भर शेणावर असतो, त्यांनी किती सोसलं यावर. माझं लक्ष त्या लुगड्यावर जातं. आज शेण अंगावर येणार आहे हे त्यांना माहीत होतं. ते येऊ नये म्हणून घरी बसायचं नव्हतं आणि आलं तर ओल्या, घाणीच्या कपड्यांत दिवस काढायचा नव्हता. वर्गात पोचल्यावर लुगडं बदलायचं आणि शिकवायला लागायचं. हा सोशीकपणा नाही. सोशीक बाई तेच लुगडं अंगावर वाळू देते. याला चिवटपणा म्हणतात, आणि तो बराचसा तयारीचा भाग असतो. कठीण बैठकीला जाण्याआधी मैत्रिणीला फोन आणि बाहेर आल्यावर पुन्हा फोन, हे लुगडं आहे. सणाला सासरी जाऊन आल्यानंतरची दुपार रिकामी ठेवणं हेही. तुमचं कोणतं, ते तुम्हीच ठरवा, पण ते आदल्या दिवशी पिशवीत असायला हवं.

आणि सावित्रीबाई एकट्या नव्हत्या. जोतीराव सोबत होते. सासऱ्यांचं घर सोडावं लागलं तेव्हा उस्मान शेख यांच्या घराचं दार उघडलं. चिवटपणाबद्दल जगभर जे काही शोधलं गेलं त्यात हे वारंवार सापडतं. एमी वर्नर यांनी हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कितीतरी वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं खंबीर, कामाला लागलेली माणसं झाली. त्यांच्यात जे समान दिसलं त्यात एक गोष्ट ठळक होती: कुणीतरी एक मोठं माणूस, आजी, मावशी, शिक्षिका, त्यांच्या बाजूनं ठामपणे उभं होतं. एक पुरतं. दहा लागत नाहीत.

याच्या उलट काय घडतं ते ताराबाई शिंद्यांच्या बाबतीत दिसतं. बुलढाण्याच्या या बाईंचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यातच छापलं गेलं. सगळे दोष बाईचेच कसे, हा त्यांचा सवाल होता. पुस्तकावर एवढी टीका झाली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घेऊन लिहावं लागलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पहिलंही जवळजवळ विसरलं गेलं होतं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणलं. मधली ९३ वर्षं मला फार लागतात. एवढ्या कणखर लेखणीची बाईसुद्धा गप्प होऊ शकते, तर तुम्ही-आम्ही गप्प झालो यात नवल नाही. ‘खमकी असती तर टिकली असती’ हे म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे.

म्हणून आपलं ते एक माणूस शोधा. ते नवराच असेल असं नाही, आई असेल असंही नाही. ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ असं न म्हणणारं कुणीही. विद्याताई बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली पुण्यात नारी समता मंच उभा केला. विद्याताईंनी पुढं १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ मासिक काढलं. बाईनं आपलं दुखणं शब्दांत सांगावं आणि दुसरीनं ते ऐकावं, ही त्या सगळ्या कामाची सुरुवात होती. आमच्या पेठेत संध्याकाळी वर्तक बागेत फेऱ्या मारणाऱ्या आम्ही चौघी आहोत. नियम एकच, सांगणारीचं संपेपर्यंत सल्ला द्यायचा नाही. एवढ्या एका नियमानं काय होतं, ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

सांगायला कुणीच नसेल तर कागद आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहिताना त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. हे लिखाण वरच्या नोंदीहून वेगळं. इथं राग, लाज, रडू सगळं येऊ द्यायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. घटना अगदी ताजी असेल तर मात्र थोडे दिवस थांबा, आणि लिहून मन आणखी बुडायला लागलं तर बंद करा.

कधी कधी हे सगळं पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजचं उदासपण, झोप-भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टींत मन लागत नाही, स्वतःबद्दल घृणा, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ताप आल्यावर जातो तसं. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा २४ तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण किंवा धोका असेल तर ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१.

कायद्याबद्दल थोडं, कारण माहीत नसल्यामुळे आपण बरंच काही ‘चालायचंच’ म्हणून सोडतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा नुसत्या मारहाणीसाठी नाही. अपमान, हिणवणं, नावं ठेवणं, आणि विशेष करून मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचून बोलणं, हे सगळं त्यात हिंसा म्हणून शब्दशः लिहिलेलं आहे. घरखर्चाला पैसे न देणं हेही आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे थेट जाता येतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागी, किंवा घरकाम करणाऱ्या बाईलासुद्धा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. इथं ती तारखांची नोंद उपयोगी पडते. वकिलाच्या पैशाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. तक्रार केलीच पाहिजे असं मी कुणाला म्हणणार नाही, ते ज्याचं त्यानं आपली ताकद, मुलं, नोकरी बघून ठरवायचं. पण ‘कायद्यात हे बसत नाही’ अशा समजुतीनं सोडू नका.

ज्यांच्यापाशी एखादी बाई मन मोकळं करते त्यांच्यासाठी, आणि यात पुरुषही आले. ती सांगायला लागली की पहिला प्रश्न ‘मग तू काय म्हणालीस?’ असा विचारू नका. त्यात चूक पुन्हा तिच्याकडे सरकते. ‘नेमकं काय म्हणाले ते?’ असं विचारा, आणि ऐका. ‘त्यांचा स्वभावच तसा’ हे तर बोलूच नका, तो स्वभाव तिला तुमच्यापेक्षा चांगला माहीत आहे. आणि बैठकीत, जेवणाच्या पंगतीत, कुणा बाईवर हशा पिकला तर तुम्ही हसू नका. त्या दिवशी टेबलाभोवती एक जरी चेहरा गंभीर राहिला असता, तर मी चहा सांगायला उठले नसते असं मला अजून वाटतं.

मध्यंतरी ओळखीतली एक मुलगी कॅलेंडर गुंडाळून घेऊन घरी आली. कचेरीतल्या एका माणसाबद्दल मागं कधीतरी बोलली होती, तेव्हा मी तिला खाड्यांची युक्ती सांगितली होती. आम्ही पानं जमिनीवर पसरली, कोपऱ्यांवर डबे ठेवले. तीन महिन्यांत १९ गोल. पहिल्या गोलाला तीन महिने व्हायला नऊ दिवस उरले होते. “मी वेडी नाही ना?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “मोज पुन्हा.” तिनं पुन्हा मोजले, १९ च भरले. मग ओट्यापाशी बसून अर्ज लिहिला, दीड पान, तारखा आणि शब्द तेवढे. सही करताना हात थरथरत होता, म्हणून सही जरा वाकडी आली.

“समितीपुढं बोलवतील तेव्हा बरोबर याल का? दाराबाहेर बसलात तरी चालेल.”

बुधवारी अकरा वाजता. मी माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.